कराडचे टॉवर स्पीकर आणि मध्येच बंद पडणारा रिसीव्हर : एक प्रकरण अभ्यास

कराडला राहणाऱ्या माझ्या मामांनी निवृत्तीनंतर मुंबईहून टॉवर स्पीकरांची एक वापरलेली जोडी आणली. प्रत्येक पेटीत खालच्या स्वरांसाठी आठ इंची दोन वूफर, मधल्या स्वरांसाठी एक ड्रायव्हर आणि वरच्या स्वरांसाठी एक ट्वीटर असे हे कमरेहून उंच स्पीकर त्यांनी घरात आधीपासून असलेल्या सात चॅनेलच्या रिसीव्हरला जोडले. ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकण्यापुरते सगळे उत्तम चालले होते. मात्र तबल्याचा सोलो किंवा एखादा चित्रपट त्यांना आवडतो तेवढ्या आवाजात लावला की आधी आवाज कडवट होऊन चरचरू लागे आणि मग डग्ग्याच्या एखाद्या भरदार घुमाऱ्यावर रिसीव्हर खटकन बंद पडून त्याच्या पट्टीवर ‘प्रोटेक्ट’ हा शब्द उमटत असे. त्याआधी एका स्पीकरचा ट्वीटर जळाला होता व तो बदलून घ्यावा लागला होता.

मामांना तोवर तीन सल्ले मिळाले होते. एका विक्रेत्याने जास्त वॅटचा रिसीव्हर घ्यायला सांगितले, दुसऱ्याने रिसीव्हरचे रिकामे चॅनेल वापरून, म्हणजे वूफर आणि ट्वीटर वेगवेगळ्या चॅनेलने चालवून, बाय-अ‍ॅम्पिंग करायला सांगितले आणि घरच्या वायरमनने गावातल्या संध्याकाळच्या कमी व्होल्टेजवर सगळा दोष ठेवला. तिन्ही सल्ल्यांत एकच उणीव होती, ती म्हणजे खुर्चीत बसलेल्या माणसाला नक्की किती आवाज हवा आहे आणि तेवढ्यासाठी स्पीकरच्या टोकांवर काय पोहोचले पाहिजे, हे कोणी मोजलेच नव्हते. मे महिन्यात मी दोन दिवस तिथे राहिलो. त्या दोन दिवसांत जे सापडले आणि त्यावरून जी खरेदी झाली, ती पुढे मांडतो.

सुरुवात साध्या तपासण्यांपासून केली. तारेचा एखादा सुटा धागा शेजारच्या टर्मिनलला टेकत असेल तरी रिसीव्हर असाच बंद पडतो, म्हणून सगळ्या जोडण्या उघडून पाहिल्या. त्या नीट होत्या. रिसीव्हर टीव्हीखालच्या काचेच्या दाराच्या कप्प्यात कोंडलेला होता आणि मे महिन्यात तिथे चांगलीच ऊब साठत असे, म्हणून तो बाहेर टेबलावर आणून त्यावर पंखा सोडला. तरीही सकाळी थंड यंत्र सुरू केल्यापासून दहा मिनिटांत, तबल्याच्या त्याच जागेवर, तो पुन्हा बंद पडला. उष्णतेमुळे बंद पडणारे यंत्र तास-दीड तासाने आणि संगीतातल्या कोणत्याही जागी बंद पडते. ठरावीक ठोक्यावर बंद पडणारे यंत्र बहुधा प्रवाहाची मर्यादा ओलांडली गेल्याचे सांगत असते. संशयाची दिशा इथेच ठरली.

मग स्पीकरांकडे वळलो. त्यांच्या मागच्या पट्टीवर ‘८ ओहमशी सुसंगत’ अशा अर्थाचा मजकूर होता आणि संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक व्होल्टेजला किती आवाज निघतो तो आकडा, ८८ डेसिबल, २.८३ व्होल्टला, एक मीटर अंतरावर, अशी दिली होती. यातला ‘सुसंगत’ हा शब्द फार सैल आहे. मल्टिमीटरने टर्मिनलवरचा डीसी रोध मोजला तेव्हा तो २.९ ओहम भरला, आणि ज्या स्पीकरचा डीसी रोध तीन ओहमच्या आसपास असतो त्याला प्रामाणिकपणे ४ ओहमचाच म्हणावे लागते. खात्रीसाठी लॅपटॉपवरून वेगवेगळ्या वारंवारितेचे स्वर सोडून, मालिकेत १० ओहमचा रोधक जोडून, दोन्हींवरच्या व्होल्टेजची तुलना केली. इम्पीडन्स, म्हणजे त्या त्या स्वराच्या प्रवाहाला होणारा एकूण विरोध, सर्वांत खाली आला तो ११० हर्ट्झच्या आसपास, आणि तिथे तो ३.२ ओहम होता. डग्ग्याचा घुमारा, पुरुष आवाजातला खर्ज आणि चित्रपटातल्या स्फोटांचा मोठा भाग साधारण याच पट्ट्यात येतो. म्हणजे ज्या जागी संगीत सर्वांत जास्त मागणी करते, नेमक्या त्याच जागी हे स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरवर सर्वांत जास्त भार टाकत होते.

संवेदनशीलतेच्या आकड्यातही एक खाच आहे आणि ती खरेदीदाराने नीट समजून घेतलीच पाहिजे, असे मला वाटते. २.८३ व्होल्ट हे ८ ओहमवर बरोबर १ वॅट होतात, म्हणून तो आकडा प्रचारात आला. पण ४ ओहमच्या स्पीकरवर तेच २.८३ व्होल्ट २ वॅट होतात. तेव्हा मामांच्या स्पीकरची ‘८८’ ही संवेदनशीलता एका वॅटची नसून दोन वॅटची आहे. एका वॅटचा हिशेब केला तर ती ८५ उरते. तीन डेसिबलचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, परंतु तो भरून काढायला दुप्पट वॅट लागतात. याच्या दुसऱ्या टोकाला पॉल क्लिप्श यांच्या कंपनीचा क्लिप्शहॉर्न आहे. १९४० च्या दशकापासून चालत आलेल्या या कोपऱ्यात ठेवायच्या हॉर्न स्पीकरची जाहीर संवेदनशीलता १०५ डेसिबल आहे, म्हणजे मामांच्या स्पीकरांना जिथे १०० वॅट लागतात तिथे त्याचे सुमारे १ वॅटमध्ये भागेल. ‘मोठा आवाज’ हा गुण अ‍ॅम्प्लिफायरइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, स्पीकरचा असतो.

आता हवा असलेला आवाज. मामांना त्यांच्या खुर्चीत बसवून, त्यांच्याच आवडीचा सोलो लावून, ‘बस, एवढा’ म्हणेपर्यंत आवाज वाढवायला सांगितले आणि त्यांच्या डोक्याजवळ ध्वनिमापक धरला. सरासरी पातळी ८४ डेसिबलच्या आसपास आली. साधा ध्वनिमापक क्षणिक शिखरे दाखवत नाही, म्हणून तीच ध्वनिफीत संगणकावर उघडून सरासरी आणि शिखर यांतले अंतर पाहिले. ते १६ डेसिबल होते. तबला हे या बाबतीत कठोर वाद्य आहे, कारण चाटीवरचा ठोका सेकंदाच्या अगदी लहान अंशात सरासरीच्या कितीतरी वर जाऊन परत येतो, आणि तो ठोका पूर्ण उंचीने आला नाही तर कानाला आवाज लहान न वाटता बोथट वाटतो. अशा रीतीने खुर्चीपाशी लागणारे शिखर १०० डेसिबल ठरले. चित्रपटगृहाच्या प्रमाणात प्रत्येक मुख्य चॅनेलची शिखरे १०५ डेसिबलपर्यंत धरतात. ते आमचे लक्ष्य नव्हते, पण शक्य तितके जवळ जाता आले तर हवेच होते.

दिवाणखाना २० फूट लांब, १४ फूट रुंद आणि १० फूट उंच आहे आणि खुर्ची स्पीकरांपासून १२ फुटांवर, म्हणजे सुमारे ३.६ मीटरवर आहे. मोकळ्या जागेत या अंतराला ११ डेसिबल घटतात. दोन स्पीकर मिळून ३ डेसिबल परत मिळतात आणि भिंती-छताच्या परावर्तनातून आणखी ३ मिळतात, असे धरले तर २.८३ व्होल्टला खुर्चीपाशी ८३ डेसिबल पोहोचतात. १०० गाठायला आणखी १७ डेसिबल हवेत, आणि १७ डेसिबल म्हणजे व्होल्टेज सातपट. तेव्हा २० व्होल्ट. हेच २० व्होल्ट ८ ओहमवर ५० वॅट होतात, ४ ओहमवर १०० वॅट होतात आणि ११० हर्ट्झपाशी इम्पीडन्सचा जो ३.२ ओहमचा खळगा आहे त्यात १२५ वॅट होतात, ज्यासाठी प्रत्येक चॅनेलला सव्वासहा अँपिअर, आणि तरंगाच्या टोकाला जवळपास नऊ अँपिअर प्रवाह द्यावा लागतो. हा हिशेब ढोबळ आहे आणि खोलीतले गालिचे, पडदे यांनी त्यात एक-दोन डेसिबल इकडे-तिकडे होतात, तरी खरेदीसाठी तो पुरेसा आहे.

या आकड्यांशेजारी रिसीव्हरचे आकडे ठेवले. खोक्यावर ‘१५० वॅट × ७’ असे ठळक छापलेले होते. माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर त्याचा उलगडा होता: १५० हा आकडा ६ ओहमवर, १ किलोहर्ट्झच्या एकाच स्वराला, १० टक्के विकृतीसह आणि एकच चॅनेल चालू असताना काढलेला होता. दहा टक्के विकृतीला आवाज उघडपणे फाटलेला असतो. त्याच पानावर दुसरी ओळ होती: ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के विकृती, दोन चॅनेल चालू, ८० वॅट. विश्वास ठेवायचा तो या ओळीवर. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली अ‍ॅम्प्लिफायरच्या जाहीर वॅटविषयी नियम केला आणि २०२४ मध्ये तो अधिक काटेकोर केला, तो याच प्रकारच्या फुगवलेल्या आकड्यांमुळे. आपल्याकडे ज्यांनी नव्वदच्या दशकात टू-इन-वन आणि डेक घेतले, त्यांना ‘पीएमपीओ’ची, म्हणजे क्षणिक शिखराच्या नावाखाली फुगवलेली, हजारो वॅटची स्टिकरे आठवत असतील, खोक्यावरचे १५० हे त्याच घराण्यातले.

आता ८ ओहमवर ८० वॅट म्हणजे २५ व्होल्टहून थोडे जास्त. आम्हाला हवे होते २०. म्हणजे व्होल्टेजच्या बाजूने हा रिसीव्हर कागदावर पुरेसा होता! अडचण प्रवाहाची होती. त्याच्या मागच्या पट्टीवर ‘६ ते १६ ओहम’ अशी स्पष्ट मर्यादा होती, ४ ओहमवरचा वॅटचा आकडा पुस्तिकेत कुठेही नव्हता, आणि जेमतेम साडेआठ किलो वजनाच्या त्या यंत्रात सात चॅनेलांना मिळून एकच मध्यम आकाराचा ट्रान्सफॉर्मर होता. दोन्ही चॅनेलांनी एकाच ठोक्याला नऊ-नऊ अँपिअर मागितले की त्याचे संरक्षक मंडल हात वर करत होते. त्यात भर म्हणून कोणीतरी सदिच्छेने मेनूतला इम्पीडन्सचा पर्याय ‘४ ओहम’ करून ठेवला होता. हा पर्याय यंत्राला ४ ओहमसाठी सक्षम करतो असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात तो आतले व्होल्टेज उतरवतो किंवा प्रवाहाला आधीच लगाम घालतो, जेणेकरून यंत्र तापू नये. त्यामुळे आवाज आधीच फाटू लागला आणि फाटल्यावरही मामा तो वाढवत राहिले.

ट्वीटर जळण्याचे मूळही याच फाटण्यात आहे. जास्त वॅटमुळेच स्पीकर जळतात, या समजुतीने लोक मुद्दाम लहान अ‍ॅम्प्लिफायर घेतात, म्हणून हे थोडे सविस्तर सांगतो. अ‍ॅम्प्लिफायरची मर्यादा संपली की खालच्या स्वरांच्या मोठ्या लाटांची टोके कापली जातात, त्या आणखी वाढू शकत नाहीत. वरचे स्वर मूळचे लहान असल्याने आवाजाचे बटण फिरवत गेल्यावर ते मात्र वाढतच राहतात, शिवाय कापलेल्या टोकांतून नवी उच्च वारंवारिता निर्माण होते आणि तीही ट्वीटरच्या वाट्याला येते. परिणामी ज्या ट्वीटरला एरवी सरासरी एखादा वॅट मिळतो, त्याला सतत कितीतरी पट ऊर्जा पचवावी लागते आणि त्याची बारीक तारेची गुंडाळी तापून तुटते.

व्होल्टेजच्या तक्रारीत तथ्य होते, पण ते वायरमनला वाटले तेवढे नव्हते. संध्याकाळी सातच्या सुमारास मीटरवर २३० ऐवजी २०० व्होल्ट दिसले. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या यंत्रात आतले व्होल्टेज त्याच प्रमाणात उतरते, त्यामुळे शक्ती सुमारे चोवीस टक्क्यांनी घटते. चोवीस टक्के हा आकडा घाबरवणारा वाटतो, तरी कानाच्या भाषेत तो सव्वा डेसिबल आहे. स्टॅबिलायझरवर खर्च करण्याचे कारण मला दिसले नाही.

खरेदीआधी निदान पक्के करायचे होते. शेजारच्या गल्लीत मंडपाला साउंड पुरवणारे एक परिचित राहतात. त्यांनी एका दुपारपुरता आपला दोन चॅनेलचा व्यावसायिक अ‍ॅम्प्लिफायर दिला. रिसीव्हरला पुढच्या चॅनेलांचे प्री-आउट, म्हणजे बाहेरच्या वेगळ्या यंत्राला संकेत देणारे सॉकेट, नव्हते, फक्त सबवूफरचे होते, त्यामुळे संगीत थेट लॅपटॉपच्या डॅकमधून (डिजिटल संकेताचा आवाजाचा संकेत करणाऱ्या भागातून) त्यांच्या लहान मिक्सरला आणि तिथून अ‍ॅम्पला दिले, आणि पातळी अगदी तळापासून हळूहळू वाढवली, कारण तो अ‍ॅम्प हे स्पीकर सहज जाळू शकला असता. तोच सोलो, तीच जागा, तीच ८४ डेसिबलची सरासरी. यंत्र बंद पडले नाही, आणि डग्ग्याचा घुमारा पहिल्यांदाच सुरुवातीपासून विरेपर्यंत पूर्ण ऐकू आला. स्पीकर निर्दोष आहेत, हे सिद्ध झाले. हाच अ‍ॅम्प विकत घ्यावा असे मामांना क्षणभर वाटले, आणि वॅटमागे पडणारी किंमत पाहता ते स्वाभाविक होते. मात्र त्यानंतर एक विलंबित ख्याल लावला तेव्हा आलापातल्या शांततेत अ‍ॅम्पचा पंखा सतत घोंगावत राहिला. जे कुटुंब दिवसातून दोन तास ख्याल ऐकते, त्याच्या दिवाणखान्यात पंख्याचे यंत्र नको, असे मी ठामपणे सांगितले.

बाय-अ‍ॅम्पिंगचा सल्ला बाद करणे सोपे होते. रिकाम्या चॅनेलांनी ट्वीटर आणि वूफर वेगळे चालवले तरी वूफरचा ३.२ ओहमचा खळगा एका चॅनेलवर तसाच राहतो आणि सगळे चॅनेल त्याच ट्रान्सफॉर्मरवर पोसले जातात. मालिकेत रोधक जोडून ओहम वाढवण्याची युक्तीही कोणीतरी सुचवली होती. तिने शक्ती रोधकात उष्णता होऊन जाते आणि वारंवारितेनुसार आवाजाचा तोलही बिघडतो.

नुसता मोठा रिसीव्हर घेण्याच्या पर्यायावर मी बराच विचार केला. त्याच मालिकेतले वरचे मॉडेल ८ ओहमवर ११० वॅटचे होते. ८० वरून ११० म्हणजे एक डेसिबलच्या थोडे वर, आणि तेही ४ ओहमवर चालण्याची हमी नसताना. खरी ४ ओहमची हमी देणारे रिसीव्हर बरेच महाग होते आणि त्यांची किंमत नऊ-अकरा चॅनेल व छतावरच्या स्पीकरांच्या सोयींत जात होती, ज्यांचा मामांना उपयोग नव्हता. म्हणून काम विभागायचे ठरले: चित्रपटाचे डिकोडिंग, एचडीएमआय आणि मधला व मागचे स्पीकर यांसाठी सर्व चॅनेलांचे प्री-आउट असलेला मध्यम रिसीव्हर, आणि दोन टॉवरांसाठी स्वतंत्र, पंखा नसलेला, दोन चॅनेलचा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर. अ‍ॅम्प निवडताना एकच कसोटी कडक ठेवली, ती म्हणजे ४ ओहमवरचा आकडा, दोन्ही चॅनेल चालू असताना आणि पूर्ण वारंवारिता पट्ट्यात, लेखी दिलेला असावा. जो घेतला तो ८ ओहमवर १५० आणि ४ ओहमवर २८० वॅटचा आहे. ओहम निम्मे झाल्यावर शक्ती जवळपास दुप्पट होते, हे त्याच्या वीजपुरवठ्याच्या दमाचे लक्षण आहे. व्होल्टेजच्या हिशेबाने तो जुन्या रिसीव्हरपेक्षा जेमतेम पावणेतीन डेसिबल वर आहे. पैसे मोजले ते ३.२ ओहमलाही न डगमगणाऱ्या प्रवाहासाठी.

प्री-आउट आणि अ‍ॅम्प यांचा मेळही पाहावा लागतो, आणि हे बहुतेक वेळा राहून जाते. अनेक रिसीव्हरांचे प्री-आउट एक-सव्वा व्होल्टच्या पुढे स्वतःच विकृत होऊ लागतात. अ‍ॅम्पचा गेन (आत आलेला संकेत वाढवण्याचे प्रमाण) २९ डेसिबल, म्हणजे सुमारे २८ पट असेल, तर २० व्होल्टसाठी पाऊण व्होल्ट पुरतो आणि पूर्ण ताकदीलाही सव्वा व्होल्टच लागतो. गेन २३ असता तर तेवढ्यासाठीच अडीच व्होल्ट लागले असते आणि नवा अ‍ॅम्प कधीच पूर्ण क्षमतेने चालला नसता.

तारा बदलल्या. भिंतीतल्या नळीतून आठ मीटर नेलेली तार ०.५ चौरस मिलिमीटरची होती. जाऊन-येऊन तिचा रोध अर्ध्या ओहमहून जास्त भरत होता आणि खळग्यात जवळपास दीड डेसिबल तिथेच जिरत होते. तिच्या जागी घराच्या वायरिंगची २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ओढली. टर्मिनलचे प्लग पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानातून घेतले. पहिल्या दिवशी अ‍ॅम्प सुरू करताच एमसीबी पडला, कारण मोठा ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर प्रचंड प्रवाह ओढतो. त्या लाइनला असा क्षणिक प्रवाह सहन करणारा सी-कर्व्ह एमसीबी बसवल्यावर ते थांबले. मग स्पीकरांतून बारीक गुणगुण येऊ लागली. डिशच्या कोॲक्सिअल तारेतून अर्थिंगचे वर्तुळ पूर्ण होत होते. ती तार काढली की गुणगुण बंद, म्हणून तिथे हे वर्तुळ तोडणारा आयसोलेटर बसवला. अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय अनेक जण करतात, तो जिवावर बेतू शकतो आणि मी तो करू दिला नाही.

सबवूफर आधीपासून होता, पण टॉवर मेनूत ‘लार्ज’, म्हणजे सगळे खालचे स्वरही त्यांच्याकडेच, असे ठेवलेले होते. ते ‘स्मॉल’ करून ८० हर्ट्झखालचे स्वर सबवूफरकडे वळवले. खळगा ११० हर्ट्झला असल्याने जुन्या रिसीव्हरचा प्रश्न एवढ्याने सुटला नसता, तरी भार बराच हलका झाला.

नव्या जोडणीवर तोच सोलो लावला तेव्हा मामांची पहिली प्रतिक्रिया होती, ‘अरे, आवाज कमी झालाय का?’ मापक ८४ च दाखवत होता. आवाज फाटत नसला की तो मोठा वाटत नाही, आणि त्यांनी बटण आणखी फिरवले. सरासरी ९१ वर गेली. इथे मला थांबवावे लागले. अमेरिकेतील निओश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आठ तास चालतात आणि दर तीन डेसिबलला मुदत निम्मी होते, म्हणून ९१ ला ती दोन तासांवर येते. मामांचे वय अडुसष्ट आहे आणि त्यांचे कान मला हवे आहेत. रिसीव्हरच्या मेनूत कमाल आवाजाची मर्यादा असते, ती सरासरी ८८ च्या आसपास बसेल अशी लावून दिली. रात्री दहानंतर निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि शेजारच्या बंगल्याची भिंत पंधरा फुटांवर आहे. दिवाणखान्याच्या खिडक्या लावून, बाहेर कुंपणापाशी मापक धरून, दिवसाच्या ५५ च्या मर्यादेत आपण कुठवर बसतो तेही पाहून ठेवले. खिडक्या उघड्या असताना ८४ डेसिबलला ती मर्यादा ओलांडली जाते, त्यामुळे सोलो लावायचा तर त्या बंद कराव्या लागतात. जुना रिसीव्हर भाच्याच्या खोलीत ८ ओहमच्या लहान स्पीकरांवर गेला आहे, मेनूतला पर्याय पुन्हा ८ ओहमवर आणला आहे, आणि तो त्यानंतर एकदाही बंद पडलेला नाही.